डीबगरने पायथन २.७ ची साथ सोडली तेव्हा : माझा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात शाफ्टचा व्यास मोजून तो पास की रिजेक्ट हे ठरवणारे सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीत लिहिलेले होते. या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला, एप्रिलमध्ये २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती आली, हे आम्हाला ठाऊक होते. पण चालू लाइनवरचे सॉफ्टवेअर कोणी उगाच बदलत नाही. अडचण आली ती कोड लिहिण्याचा एडिटर अपडेट झाल्यावर. त्यातला डीबगर, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून चूक शोधण्याचे साधन, सुरू होतानाच पायथन २.७ चालणार नाही असे सांगून बंद होऊ लागला.

टीममधल्या काहींना हा निव्वळ अडेलतट्टूपणा वाटला. मला तसे वाटत नाही. डीबगरचा काही भाग आपल्याच प्रोग्रामच्या प्रोसेसमध्ये लोड होतो, त्यामुळे जोवर २.७ ला साथ द्यायची तोवर त्या भागाचा कोडही २.७ ला समजेल असाच लिहावा लागतो, पायथन ३.६ मध्ये आलेली एफ-स्ट्रिंगसुद्धा (मजकुरात व्हेरिएबलचे मूल्य थेट गुंफण्याची सोय) तेथे वापरता येत नाही. शिवाय पायथनचा कोड चालवणाऱ्या इंटरप्रिटरचे अंतरंगच बदलत गेले आहे. ३.६ पासून बाइटकोडची (कोडचे इंटरप्रिटरसाठी केलेले रूपांतर) प्रत्येक सूचना दोन बाइटची झाली, आणि ३.१२ मध्ये ‘सिस.मॉनिटरिंग’ ही सोय आली, जिच्यामुळे ‘सेटट्रेस’ या जुन्या सोयीप्रमाणे ओळीओळीला थबकण्याऐवजी हव्या त्याच जागी थांबता येते. एवढे सगळे सांभाळून २.७ चे ओझेही वाहणे म्हणजे दोन डीबगर पोसणे होय.

तात्पुरता इलाज म्हणून आम्ही एडिटरला डीबगर जोडून देणाऱ्या एक्स्टेंशनची जुनी आवृत्ती बसवली, तिचे ऑटो-अपडेट बंद केले आणि इन्स्टॉलर ऑफिसच्या सर्व्हरवर जपून ठेवला. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात. सोबत पीडीबी हा साधा डीबगर होताच. तो पायथनबरोबरच येत असल्यामुळे कोणाच्या पाठिंब्यावर अवलंबून नसतो.

मात्र या व्यवस्थेचा उपयोग पायथन ३ वर जाण्यापुरताच करायचा, असे आम्ही ठरवून टाकले. प्रिंट आणि भागाकार यांबाबत पायथन २ व ३ मधले फरक लवकर निस्तरले. खरा त्रास दिला गेज (व्यास मोजणारे उपकरण) संगणकाला जोडणाऱ्या सीरिअल पोर्टने. गेज ‘ओके’ असे उत्तर पाठवत होता, पण पायथन ३ मध्ये पोर्टवरून आलेले उत्तर बाइट्स (कच्चा डेटा) असते आणि त्याची साध्या स्ट्रिंगशी (मजकुराशी) तुलना केली की कोणतीही एरर न येता निकाल मुकाट्याने ‘फॉल्स’ मिळतो. जुन्या डीबगरमध्ये २.७ आणि नव्यामध्ये ३ असे शेजारी-शेजारी चालवून तोच व्हेरिएबल पाहिला, तेव्हा कोठे उलगडा झाला. पुढे ‘-बीबी’ हा स्विच लावून प्रोग्राम चालवला, की अशा तुलनेला थेट एरर येते. तो आधी आठवला असता तर बरे झाले असते, पण असो.

याच कामात एक जुनी गोष्ट उघड झाली. गेजकडून वाचन आलेच नाही तर व्हेरिएबलमध्ये ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य) राही, आणि पायथन २ मध्ये ‘नन’ हे कोणत्याही संख्येपेक्षा लहान मानले जात असल्याने तो शाफ्ट ‘अंडरसाइज’ ठरून रिजेक्टच्या ट्रेमध्ये जाई. पायथन ३ अशी तुलना करूच देत नाही, टाइप-एरर देऊन थांबतो. क्वालिटीच्या साहेबांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अहो, म्हणजे इतके दिवस चांगला मालही भंगारात जात होता की काय?” आता वाचन न आल्यास ‘पुन्हा मोजा’ असा संदेश स्क्रीनवर येतो.

एक स्टेशन मात्र अजून जुनेच आहे. तेथील संगणकावर विंडोज एक्सपी आहे, त्यावर पायथन ३.५ आणि पुढच्या आवृत्त्या चालत नाहीत, आणि गेजच्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळत नाही. ते कार्ड बदलण्याचे कोटेशन कारखान्याकडे दिले आहे. तोवर त्या स्टेशनचे डीबगिंग आम्ही पीडीबीवरच करतो.