अठ्ठेचाळीस

४ जून २०२४, रात्र. चकाला, अंधेरी

आमच्या वायव्य मुंबईचा लोकसभेचा निकाल लागला एकदाचा. पहिल्या दोन उमेदवारांना ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६ मतं. फरक ४८ मतांचा. गंमत म्हणजे हे दोघेही मार्चपर्यंत एकाच पक्षात होते.

जेवणावर मन नव्हतं. २० मेला मी मत दिलं, पण मनाविरुद्ध दिलं. बाबा लाल बावट्याचे. मरोळच्या कारखान्यात संपापायी दोनदा नोकरीवर पाणी सोडायची वेळ आलेली. त्या विचाराचा आणि निवडूनही येईल असा कुणी यादीत नव्हता. मग त्यातल्या त्यात बरा कोण, हा हिशेब. बटण दाबल्यावर काचेआड पावती सात सेकंद दिसली. क्रमांक, नाव, चिन्ह. माझ्या मनातले पण-परंतु तिच्यावर कुठून छापलेले असणार? ती पेटीत पडली आणि मी अपराध्यासारखी बाहेर आले. उन्हात दोन तास रांगेत काढून हे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी अशी वाकले नव्हते. अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक, भाजपने उमेदवार मागे घेतलेला. मी नोटा दाबला, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'चं बटण. नोटाला १२,८०६ मतं पडली, चक्क दुसरा क्रमांक! आठवडाभर ऑफिसात मी ताठ मानेने फिरत होते. पण त्या १२,८०६ मध्ये माझ्यासारखे किती आणि आपला माणूस उभा नाही म्हणून रुसलेले किती? बटण एकच. बाबांच्या लाल बावट्याचा त्यात कुणाला वासही आला नसणार. शिवाय नोटा पहिला आला असता तरी त्याच्याखालचा उमेदवारच आमदार झाला असता. फेरमतदानाचा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली काढला तो पालिका आणि तत्सम निवडणुकांपुरता. म्हणजे माझी तत्त्वं तेव्हा शाबूत राहिली ती फक्त माझ्यापाशी.

हे सगळं आईला बोलून दाखवलं. ती भांडी पुसत होती.

"अगं, मत द्यायचं होतं, मुलगी नव्हती द्यायची. एवढी काय चौकशी?"

"पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

"तुझे बाबा दर वेळी तत्त्वाने मत द्यायचे. आणि नळाला पाणी आलं नाही की नगरसेवकाकडे मला पाठवायचे."

याला उत्तर नव्हतं. बाबा असते तर त्यांनाही सुचलं नसतं.

मग तिने विचारलं, "किती म्हणालीस, अठ्ठेचाळीस?" आणि मेच्या सुट्टीत आंबे खायला कोकणात गेलेली बिल्डिंगमधली माणसं ती बोटांवर मोजायला लागली. पहिल्या मजल्यावरचे चौघे, सावंतांच्या घरचे सहा, जिन्याखालचा इस्त्रीवाला आणि त्याची बायको. दुसऱ्या विंगेपर्यंत पोचली तेव्हा एकतीस झाले होते.