अंबाजोगाई: मुकुंदराज सकाळी, दासोपंत नंतर

योगेश्वरीचं दर्शन झालं की 'जाता जाता' आद्यकवी मुकुंदराजांची समाधी होते, असं जो तो सांगतो. ते खरं नाही. समाधी गावाबाहेर, बालाघाटाच्या दरीत आहे आणि तिथं पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना काहीच वाटत नाही, दम निघतो तो परत चढताना. दुपारी गेलात तर दगड तापलेला, अंगावर ऊन आणि दरीत वारा नाही. पावसाळ्यात त्याच पायऱ्या शेवाळतात. गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून अजिबात उतरू नका. सकाळी 8 च्या आत वर परत यायचं, असा हिशेब धरा. माणशी 1 लिटर पाणी घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच नमस्कार करावा.

रिक्षाचं सांगतो, कारण फसवणूक इथंच होते. स्टँडवर सांगतात ते फक्त जाण्याचं भाडं. दरीच्या तोंडाशी दुसरं वाहन मिळत नाही आणि मग परतीचे दुप्पट मागतात. जाणं, तासभर थांबणं आणि परत स्टँडवर सोडणं, सगळ्याचा मिळून एकच आकडा बसण्याआधी ठरवा. पैसे परत आल्यावरच द्या.

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू' हा ग्रंथ शके 1110 चा, म्हणजे इ.स. 1188 चा मानतात. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. ग्रंथात वैनगंगेचा उल्लेख असल्यामुळे विदर्भातलं वैनगंगेकाठचं आंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. हा वाद डोक्यात ठेवूनच या, पण त्यापायी दरी टाळू नका.

संतकवी दासोपंतांचं (1551–1615) देवघर गावातच, जुन्या वस्तीत आहे. नुसतं 'देवघर' विचारू नका. थोरलं आणि धाकटं अशी दोन आहेत. पाहायची ती पासोडी. 24 हात लांब, अडीच हात रुंद कापड, त्यावर शाईनं लिहिलेलं त्यांचं 'पंचीकरण' हे काव्य, सुमारे 1600 ओव्या. पंचमहाभूतांची वाटणी समजावी म्हणून मध्ये रकाने आखलेत. ओव्या वाचत बसण्याआधी ते रकाने बघा, कापडच का घेतलं ते तिथं कळतं: एवढा तक्ता पोथीच्या पानात मावला नसता. चारशे वर्षांचं कापड आहे, कुणी आलं की उलगडायची ही वस्तू नव्हे. आधी निरोप द्या, हात लावू नका, फ्लॅश मारू नका. निरोपाशिवाय गेलात आणि दिसली नाही, तर तक्रार करू नका.

रेल्वेनं येणाऱ्यांनी परळी वैजनाथला उतरावं. पुढं एसटीनं साधारण 25 किलोमीटर. बाकी गावात फिरणं सोपं आहे. वेळ कमी असेल तर हत्तीखाना लेणी सोडा, पासोडी सोडू नका.