साकुराबाची ती रात्र
आज दुपारी काझुशी साकुराबा या जपानी एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढवय्याची जुनी लढत पुन्हा पाहिली. १ मे २०००, टोकियो डोम, समोर ब्राझीलचा जिउ-जित्सूपटू रॉयस ग्रेसी. पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, एकूण ९० मिनिटं! अखेर ग्रेसीच्या बाजूने टॉवेल पडला, म्हणजे हार मान्य झाली. आणि हा जपानमधल्या अकिताचा कुस्तीगीर साकुराबा त्याच रात्री धिप्पाड इगोर वोव्हचांचिनसमोर पुन्हा उभा राहिला. हरला, पण काय छाती म्हणायची! पुढे वांडर्लेई सिल्व्हाने त्याला तीनदा हरवलं. त्या लढती मला बघवत नाहीत. अंग साथ देत नसतानाही तो वर्षानुवर्षं रिंगणात उतरत राहिला. जवळच्या कुणीतरी त्याला वेळीच थांबवायला हवं होतं, असं फार वाटतं. २०१७ मध्ये यूएफसी या अमेरिकन एमएमए संस्थेने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा मनापासून आनंद झाला होता.