बूट घासल्याशिवाय रानात पाऊल नको

आज ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळच्या बँक्सियाच्या (तिथल्या एका फुलझाडाच्या) रानात स्वयंसेवकांनी झाडांना फॉस्फाइट हे मूळकुजीवरचं औषध टोचलं. फायटोफ्थोरा सिनॅमोमी हा मातीतला बुरशीसारखा सूक्ष्मजीव मुळं कुजवतो आणि बुटांना, टायरांना चिकटलेल्या ओल्या मातीतून पसरतो. म्हणून आधी ब्रशने बुटाच्या तळाच्या खाचांतली माती पूर्ण काढायची, मगच मेथिलेटेड स्पिरिट (जंतू मारणारं अल्कोहोल) फवारायचं. ढेकूळ राहिलं तर स्पिरिट आत पोचतच नाही, सगळी मेहनत वाया!

खोडाच्या घेरावर दर २० सेंमीला एक छिद्र, आतल्या बाजूला किंचित उतरतं, आणि २० मिलीची स्प्रिंगवाली सिरिंज. छिद्र पाडल्या पाडल्या घट्ट बसवा. सैल राहिली की औषध सालीवरून ओघळतं. फॉस्फाइटने रोग मरत नाही, झाडाची झुंजायची ताकद वाढते, त्यामुळे काही वर्षांनी पुन्हा टोचावंच लागतं. वाळलेल्या झाडावर औषध घालवू नका, त्याच्या शेजारचं हिरवं झाड आधी धरा.