बिनमाणसांची बोट आणि गाळणीतला कचरा

बारा वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढून मी वास्कोला परतलो आणि झुआरीच्या काठावरच्या एका वर्कशॉपात रुजू झालो. काम खनिज वाहणाऱ्या बार्जच्या दुरुस्तीचं. तिथेच नदीची खोली मोजणारी एक छोटी बोट आली, माणसाशिवाय चालणारी. तिच्या देखभालीचं वेळापत्रक बसवायचं काम माझ्याकडे आलं.

रिकामी इंजिन रूम मला नवी नव्हती. बऱ्याच मोठ्या जहाजांवर रात्री खाली कोणी नसतं. अलार्म ड्युटी इंजिनिअरच्या केबिनमध्ये वाजतो आणि तो जिने उतरून धावतो. या बोटीच्या बाबतीत तो धावणारा माणूस किनाऱ्यावर आहे, हे मात्र मी नीट मोजलं नव्हतं.

जूनमध्ये, पहिल्याच जोरदार पावसानंतर, कुठ्ठाळीजवळ इंजिन तापून बंद पडलं. होडी काढून बोट ओढत आणायला तीन तास गेले. इंजिन थंड करायला आत ओढलेल्या पाण्याची गाळणी उघडली तर आत चिखल, खाजणातलं गवत आणि दुधाच्या पिशवीचा मुठीएवढा गोळा. साफ करायला दहा मिनिटं लागली.

आमच्या बार्जवरचे इंजिन ड्रायव्हर मामा म्हणाले, "पाऊस पडला की मी दर फेरीला गाळणी उघडतोच रे, त्यात विचारायचं काय!" हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मग दोन संध्याकाळ त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो. पंपावर तळहात कधी ठेवता, बेल्ट जळल्याचा वास कसा येतो, बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार किती बारीक झाली की शंका येते... चौदा पानं भरली.

त्यातून ठरलं: एकाऐवजी दोन गाळण्या आणि दोन्हींच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजणारे सेन्सर. फरक वाढला की झडप आपोआप दुसऱ्या गाळणीवर वळते. पुढे सेन्सरच्या तोंडावरच शिंपले धरायला लागले, म्हणून त्यांच्या सफाईची तारीखही यादीत आली.

2021 मध्ये अटलांटिक ओलांडायला निघालेली मेफ्लॉवर ही विनाचालक बोट जनरेटरच्या एक्झॉस्टमधली (धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतली) एक कपलिंग, म्हणजे जोड, तुटली म्हणून परत फिरली होती. जहाजावर कोणी असतं तर निदान तात्पुरती डागडुजी करून पाहिली असती. नॉर्वेचं यारा बिर्केलँड हे मालवाहू जहाज बॅटरीवर चालतं, म्हणून इंधन गाळण्याचा व्याप तिथे नाही. पण डिझेलवरच्या बोटीला ही सवलत नाही.

आज बोट परतली की धक्क्यावर दीड तास तपासणी चालते. बार्जवर एवढा वेळ कधी लागला नव्हता, कारण तिथे ती चालता चालताच होत असे. शेवटी मामा येतात, पंपावर तळहात ठेवतात आणि वहीत सही करतात.