फियाटचा पंखा, नोंद ७: घाट चढला, नवले पुलाला बसलो

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की माझ्या जुन्या फियाटच्या रेडिएटरमागचा, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा यांत्रिक पंखा काढून त्याजागी विजेचा पंखा बसला, चालला, आता एकदा पसरणी घाट चढवायचा आणि हा विषय बंद करायचा. घाट चढला. विषय बंद व्हायच्या ऐवजी रविवारी रात्री गाडीच बंद पडली.

आधी चांगलं सांगतो, तेवढं सुख मला घेऊ द्या.

शनिवारी सकाळी वाईतून निघालो, बाबा शेजारी. बाहेर ३६ अंश. पुढे एसटी, तिच्यामागे आम्ही दुसऱ्या गिअरवर, म्हणजे वारा जवळपास शून्य आणि इंजिनाला पुरता भार. १९७८ची गाडी, १०८९ सीसी, जेमतेम चाळीस घोडे, त्यातले किती अजून जिवंत आहेत ते विचारू नका. तापमानाचा काटा ९३ वर गेला आणि तिथेच राहिला. खरी परीक्षा मात्र वर, पाचगणीत पार्किंगच्या रांगेत. गेल्या मे महिन्यात याच रांगेत जुन्या पंख्यावर १०४ झालं होतं आणि रेडिएटरच्या कॅपमधून फुस्स करून अर्धा लिटर पाणी रस्त्यावर. पाचगणी साधारण तेराशे मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. ७ पीएसआयचा दाब धरणारी कॅप धड असेल तर वर आणखी साधारण १२ अंशांची सवलत मिळते, पण माझ्या कॅपचं रबर तेव्हा बिस्किटासारखं झालं होतं. यंदा कॅप नवी, पंखा विजेचा, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभे आणि काटा ९१. पंख्याला वीज जोडणारा रिले 'टक्' करतो, पंखा घोंघावतो, दीड मिनिटाने पुन्हा 'टक्'. हा आवाज मी किती वेळा ऐकला याची मोजदाद बाबांनी ठेवली होती. "अकरा," ते म्हणाले, "आता काच वर कर, धूळ येतेय."

ज्यांनी अजून पंखा उतरवला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट, मागे लिहायची राहून गेली. यांत्रिक पंखा काढला की वॉटर बॉडीच्या (म्हणजे पाण्याच्या पंपाच्या) पुलीचे बोल्ट पंख्याच्या जाडीएवढे लांब पडतात. तेच परत आवळले तर टोकं आत बॉडीला घासतात. मला आधी किर्र ऐकू आलं, वाटलं बेअरिंग गेलं. आखूड बोल्ट घाला किंवा जाड वॉशर. अकलेचे पैसे मी भरलेत, तुम्ही भरू नका.

आता रविवार. परतताना खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, सगळं मजेत. यांत्रिक पंख्याचं ओझं गेल्यावर तिसऱ्या गिअरला गाडी खरंच हलकी वाटते. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला आठपट ताकद लागते, आणि ऐंशीच्या वेगाला समोरून येणारा वारा तसाही पुरेसा असतो. म्हणजे हायवेवर तो पंखा नुसता बसून खाणारा पाहुणा. हे सगळं मी बाबांना समजावत होतो आणि नवा कात्रज बोगदा ओलांडून पुढे आलो तर समोर लाल दिव्यांची माळ. नवले पुलापर्यंत ठप्प.

पाऊण तास काही वाटलं नाही. काटा ९२, पंखा जवळपास सतत चालू, मी खूश. चार्जिंगचा लाल दिवा आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, मिणमिणत होता, पण तो तर कायमच मिणमिणतो. तासाभराने हॉर्न दाबला तर शेळीसारखा आवाज आला. मग पुढच्या बसच्या पाठीवर पडलेला माझा उजेड पिवळा झाला, मग कंदील. इंजिन दोनदा अडखळलं आणि गप्प. स्टार्टर फिरवला, नुसती टकटक. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, बॅटरी पिऊन टाकली तुझ्या पंख्याने."

कडेला घेतली, मागे त्रिकोण ठेवला. एका टेम्पोतली दोन पोरं उतरली, उतार होताच, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला आणि गाडी लागली. इथे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या डायनॅमोला एक नमस्कार. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्यामुळे बॅटरी ठार असली तरी फिरवला की तो स्वतःच स्वतःला जागं करतो. नंतरच्या गाड्यांत त्याच्या जागी आलेल्या अल्टरनेटरला बहुधा आधी बॅटरीचा घोट लागतो. पंख्याचा फ्यूज काढून खिशात टाकला, दिवे मंद, इंजिन चढं ठेवून अकरा वाजता घरी.

घरी आल्यावर झोप कुठली. वायरीतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन खाली. पंखा मारुती ८०० चा, चालू असताना ८.५ अँपिअर, सुरू होताना २६ चा झटका. मोठे दिवे ७.५. इग्निशनची कॉइल साडेतीन. टेल आणि डॅश मिळून दोन. बेरीज साडेएकवीस. माझ्या डायनॅमोच्या पाटीवर २२ अँपिअर लिहिलंय, म्हणजे कागदावर जमतं. पण ते २२ चांगल्या फेऱ्यांना. आयडलला कटआउट, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणारा स्विच, उघडाच असतो, डायनॅमो शून्य देतो, सगळा खर्च बॅटरीच्या शिलकीतून. पंखा मधूनमधून बंद धरला तरी तासाला वीस अँपिअर-तासांच्या आसपास. बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तासांची), तीन वर्षं जुनी. दीड तासात तिचा निकाल लागणारच होता.

गंमत बघा. विजेचा पंखा लागतो कधी? गाडी उभी असताना. आणि डायनॅमो पगार देत नाही कधी? गाडी उभी असताना. सहा नोंदी मी पात्यांचा व्यास, पंखा सुरू करणारा स्विच ९२ अंशांचा की ८७ चा, तो वरच्या होजमध्ये की खालच्या टाकीत, यावर घासल्या आणि वीज कुठून येणार हे एकदाही लिहिलं नाही. मागच्या वेळी एकाने विचारलं होतं, "डायनॅमो आहे ना?" मी 'हो' लिहून पुढे गेलो होतो. तुम्हाला एक मिसळ लागू.

तर ठरलं, अल्टरनेटर. सोमवारी नाना पेठेत. मारुती ओम्नीचा, वापरलेला, बावीसशे. दुकानदार म्हणाले, "घेऊन जा साहेब, आहे तसा बसतो." नाना पेठेत 'आहे तसा बसतो' म्हणजे लेथवाल्याकडे अर्धा दिवस. नवं ब्रॅकेट, पुली एका रेषेत आणणं, जुना रेग्युलेटर काढून वायरिंग फिरवणं. तरी पाचशे आगाऊ देऊन आलो, बुधवारी उचलतो म्हणालो.

इथवर सोमवारी लिहिलं होतं. पुढचं गुरुवारी लिहितोय, आणि बेत पार फिरलाय.

मंगळवारी दुपारी घरातला वाळ्याचा कूलर साफ करायला उघडला. मागची जाळी काढली, पंख्याभोवतीची पत्र्याची गोल कड निघाली, ती बाजूला ठेवून सहज पंखा लावून पाहिला. पातं तेच, मोटर तीच, वारा निम्मा. हवा पात्यांच्या टोकावरून वळून परत मागे. मी तसाच ओल्या हातांनी खाली पार्किंगमध्ये गेलो. माझ्या फियाटच्या यांत्रिक पंख्याभोवती कधीच काही नव्हतं. माझ्याकडे आली तेव्हापासून नाही. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या पंख्याला शिव्या घालत होतो तो उघड्या मैदानात हवा घुसळत होता आणि रेडिएटरच्या जाळीचे चारही कोपरे उपाशी.

संध्याकाळी यांत्रिक पंखा परत चढवला (लांब बोल्टांसकट) आणि उदबत्तीची परीक्षा घेतली. इंजिन आयडलला, ग्रिलसमोर उदबत्ती. मधोमध धूर सरळ आत. कोपऱ्याला नेली तर धूर घुटमळतो, वरच्या डाव्या कोपऱ्यात तर चक्क बाहेर येतो, इंजिनाची गरम हवा उलटी फिरतेय. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून भोवती पेटी केली. पातं निम्मं कडेच्या आत, निम्मं बाहेर, टोकाभोवती अंगठ्याएवढी फट. पुन्हा उदबत्ती. चारही कोपऱ्यांतून धूर सुरकन आत. बाबा वरून गॅलरीतून ओरडले, "आरती कसली चाललीय?"

बुधवारी दुपारी, ३७ अंशात, वीस मिनिटं आयडल. पुठ्ठ्याशिवाय १०१ आणि काटा चढताच. पुठ्ठ्यासकट ९४ वर स्थिर. सात अंश, खर्च शून्य, बॅटरीला हात नाही. मी मीटरचा फोटो काढला, मग मीटर खोटं बोलतंय का म्हणून थर्मामीटरने वरचा होज मोजला, मग विश्वास ठेवला.

आनंद दहा मिनिटं टिकला. सोसायटीच्या चढावर रिव्हर्स टाकला, इंजिन त्याच्या माउंटिंगवर (टेकूंवर) डुललं आणि पंख्याने पुठ्ठा खाल्ला. बॉनेट उघडलं तर भुगा, सगळीकडे भुगा, कार्ब्युरेटरवरसुद्धा. म्हणजे रबरी माउंटिंगही गेलेत, ते आता यादीत. पत्र्याची पेटी करताना फट पाऊण इंचाच्या खाली नको.

आता मारुतीच्या पंख्याचं काय? माझ्या डोक्यात आलं, त्याला जाळीच्या पुढे बसवून मदतनीस करू. फक्त रांगेत उभं असताना पाच मिनिटं, डॅशवर स्विच आणि दिवा, म्हणजे बॅटरीवर फारसा भार नाही. बुधवारी रात्री उलटा करून पुढे धरला, वायर तशीच जोडली. उदबत्तीचा धूर माझ्या तोंडावर. अर्थातच, हा मागून ओढणारा पंखा, उलटा बसवला तर हवा जाळीतून पुढे फेकणार. हायवेला येणाऱ्या वाऱ्याशी कुस्ती खेळला असता. वायरी अदलाबदल केल्या, दिशा बरोबर झाली, पण पाती वाकडी घडवलेली असतात, उलटी फिरली की निम्मीच हवा. तेव्हा ढकलणाराच पंखा हवा, एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो तसला छोटा. आणि तो जाळीतून आरपार प्लॅस्टिकच्या टायने बांधायचा सल्ला कृपया कुणी देऊ नका. घासून घासून नळीला भोक पडतं आणि मग डाग द्यायला रेडिएटरवाल्याकडे. पट्ट्यांची चौकट करणार.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल, तिघांनी विचारलंय. आहे, ८२ चा, काढणार नाही. आमचे मिस्त्री दर वेळी म्हणतात, "काढून टाका ना साहेब, गरमच नाही होणार." हिवाळ्यात अर्धा तास थंड इंजिनावर चोक ओढून पेट्रोल ओतायची मला हौस नाही.

पत्रेवाल्याला माप दिलंय, रविवारी सकाळी पेटी मिळेल म्हणतो, म्हणजे मंगळवार धरा. माउंटिंगची जोडी सापडली. छोटा पंखा आधी जुन्या बाजारात बघेन, तिथे मोटरचं बेअरिंग हाताने फिरवून बघता येतं, दुकानात सीलबंद डब्यात काय निघेल सांगता येत नाही.

राहिला ओम्नीचा अल्टरनेटर. बुधवारी गेलोच नव्हतो. आज दुकानदारांना फोन करून म्हटलं, बेत बदलला, पाचशे परत मिळतील का. ते हसले. म्हणाले, "राहू द्या साहेब जमा. पावसाळ्यात वायपर लावाल तेव्हा येणारच आहात."