आमची वाटचाल : ‘दांडपट्टा शिकवता का?’

कोल्हापुरात बायकांसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग घेतो म्हटलं की लोक पहिल्यांदा हेच विचारतात. त्यांचंही बरोबर आहे. मर्दानी खेळाचं हे गाव. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरी लाठी अशी फिरवतात की बघत राहावं. पण केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, गर्दीत पट्टा घेऊन कोण चढणार? आमचं शिकवणं रिकाम्या हातांचं आणि घशाचं. २०१७ पासून त्यावरच आमच्या दोघींचं दुकान चाललंय.

दोघी म्हणजे मी आणि माझी भागीदार. मी ज्यूदोतली, ती शाळेत पीटीच्या बाई होती. मॅट घ्यायला कर्ज काढावं म्हणून एका बँकेत गेलो, तर साहेबांनी विचारलं, ‘मॅडम, यात माल काय असतो?’ आता माल कुठून दाखवणार? शेवटी दुसरीकडं मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज झालं, ५० हजारांच्या आतलं, मॅट आणि किकपॅडच्या कोटेशनवर.

पहिली बॅच राजारामपुरीत एका इमारतीच्या गच्चीवरच्या हॉलमध्ये. थोड्याच दिवसांत सोसायटीची तक्रार आली, रविवारी सकाळी बायका ओरडतात म्हणून. ओरडत होत्याच, त्याचीच तर फी घेत होतो! तिथून उठलो ते एका मंगल कार्यालयात गेलो. चातुर्मासात हॉल मोकळा, मालकालाही चार पैसे सुटतात. लग्नसराई आली की मॅट कोठीघरात तांदळाच्या पोत्यांशेजारी, आणि आम्ही शाळा-कंपन्यांच्या दारात. बँडवाल्यांसारखा आमचाही धंदा पंचांग बघून चालतो, फक्त उलटा.

पहिल्या दिवशी हातपाय चालवायला शिकवत नाही. मी समोरून अंगावर चालत येते, समोरचीनं दोन्ही तळहात पुढं करून म्हणायचं, ‘थांबा! मागं व्हा!’ बहुतेकींना हसू फुटतं. काहींचे ओठ हलतात, आवाज निघत नाही. कुणी म्हणते, ‘अहो, जरा मागं होता का?’ एक सिस्टर होत्या, अख्खा वॉर्ड दमात घेणाऱ्या. मी त्यांच्या नाकापर्यंत पोचले तरी गप्प. पुढच्या आठवड्यात त्यांचा आवाज निघाला तेव्हा खालून आचारी झारा घेऊन धावत वर आला.

मग मनगट. पकड सुटते ती अंगठ्याच्या बाजूनं, कारण तिकडं एकटा अंगठा असतो आणि दुसरीकडं चार बोटं. कोपर आपल्या अंगाजवळ घेत त्या फटीतून हात झटकायचा. सुटला की उभं राहून हिशोब चुकता करायचा नाही. माणसांत जायचं आणि ११२ हा पोलिसांच्या मदतीचा नंबर लावायचा. हे सगळं साडीत, ओढणीत, खांद्याला पर्स आणि पायात चप्पल असतानाही करून घेतो. ट्रॅक पँट घालून भाजीला कोण जातं?

येणाऱ्या बहुतेकींच्या डोक्यात अंधारी गल्ली असते. पण देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीचे वार्षिक अहवाल काढून बघा, बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणून आमच्याकडं सरावात गुंड कमी आणि काका, साहेब, क्लासचे सर जास्त. हे जास्त अवघड जातं. अनोळखी माणसाच्या हनुवटीखाली तळहात मारायला बाई दोन दिवसांत शिकते. ‘सर, खांद्यावरचा हात काढा,’ एवढं वाक्य न हसता, मान खाली न घालता म्हणायला मात्र बराच वेळ लागतो.

बॅचमधल्या एका डॉक्टरबाईंनी २०१५ चा एक अभ्यास आणून दिला, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींना तीन-तीन तासांची चार सत्रं दिली होती: ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका हेरणं, तो मनाशी कबूल करणं, तोंडानं आणि हातानं विरोध करणं. पुढच्या वर्षभरात त्यांच्यात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के राहिलं. ज्यांना नुसती माहितीपत्रकं वाचायला दिली त्यांच्यात ९.८ टक्के. त्यांचं कॅम्पस आणि आपलं कॉलेज एक नव्हे, हे कळतं. तरी आम्ही आमचा कोर्स त्यानंतर बारा तासांचाच बांधला.

अडचण अशी की बारा तास विकत नाहीत. विकतो तो मार्च महिना. ८ तारखेला गुलाब, केक आणि दोन तासांत ‘कराटेच्या चार स्टेप्स’, शिवाय पाठीमागं बॅनर लावून फोटो. असे कार्यक्रम आम्ही घेतो, खोटं कशाला बोलू? मार्चच्या बिलांवर उन्हाळ्याचं भाडं निघतं. प्रमाणपत्र मात्र देत नाही. दोन तासांत कुणी सुरक्षित होत नाही आणि तसं लिहून दिलेला कागद तिच्या पर्समध्ये असणं मला धोक्याचं वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, पाठोपाठ बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरचा अत्याचार उघड झाला, तेव्हा फोन ठेवायला उसंत नव्हती. दिवाळीपर्यंत निम्म्या चौकशा विरल्या.

टिकाऊ काम मिळालं ते कायद्यामुळं. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, कर्मचाऱ्यांची जागृती शिबिरंही घ्यावी लागतात. गोकुळ शिरगाव, कागलच्या कंपन्यांना आम्ही तीच देतो, सोबत एक वकीलताई असतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली आणि आमची जुन्या कलमांची माहितीपत्रकं रद्दीत गेली. ताई सर्वांत जास्त वेळ घालवतात ३७ व्या कलमावर: बचावाला लागेल तेवढंच बळ, त्याहून जास्त नाही. कारण ‘मारलं तर आपणच अडकू’ या भीतीनं बायका हातच उचलत नाहीत.

फरक काय पडतो, असं विचारतात. रस्त्यात कुणाला लोळवल्याचा किस्सा आमच्याकडं जवळजवळ नाही. एकीनं समितीकडं लेखी तक्रार दिली. एकीनं मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी रात्रीची पुण्याची एसटी पहिल्यांदा एकटीनं धरली. एकीचे सासरे वर्गावर आले, म्हणाले, ‘मॅडम, हे शिकल्यापास्नं घरात उलट बोलायला लागली की!’ चहा पाजला, समजूत काढली. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. आम्ही फोन केला, तिनं उचलला नाही. उरलेल्या तासांची फी तिच्या नावानं जमा आहे.

वर्गातूनच तयार झालेल्या दोघी आता मानधनावर शिकवतात. इचलकरंजीहून मागणी आहे, यंत्रमागावर काम करणाऱ्या बायकांच्या वेळेत, म्हणजे कामाची पाळी सुटल्यावर. त्यांना त्यांच्यातलीच शिकवणारी हवी. तशी एक सध्या आमच्या संध्याकाळच्या बॅचला येते. बोलते फार, पण आवाज खणखणीत आहे.